विरोधी पुढाऱ्याचा सत्कार

आमच्या इमारतीतल्या आफ्रिकन बाईंशी माझी ओळख भांडणाने झाली. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या वसाहतीत कचऱ्याची पाळी असते. ज्याच्या दारावर पाळीची पाटी टांगलेली, त्याने आठवडाभर कचरा आणि कावळ्यांनी तो विस्कटू नये म्हणून टाकलेली जाळी यांवर लक्ष ठेवायचं. त्या आठवड्यात पाटी बाईंच्या दारावर होती आणि प्लास्टिकचा दिवस वेगळा असताना मी जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी पोह्यांची प्लास्टिकची पिशवी टाकून ऑफिसला गेले होते. संध्याकाळी ती पिशवी धुतलेली, वाळवलेली आणि चौकोनी घडी घातलेली अशी माझ्या दारात परत आली.

"हे तुझं," बाई जपानीत म्हणाल्या. "यावर तुमची अक्षरं आहेत. म्हणजे तू, नाहीतर सातव्या मजल्यावरचे. ते पोहे खात नाहीत. मी विचारून आले."

तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. उंच, ताठ आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याने अजून खरं सांगितलेलं नाही. पुढे जिन्यात, लिफ्टमध्ये, बागेतल्या बाकावर आमचं बोलणं होत गेलं. बोलणं म्हणजे त्या मला काय काय चुकतं ते सांगत आणि मी ऐकत असे. त्यांची भाषा जपानी आणि इंग्रजीची भेळ होती. मला त्या 'तू' म्हणत असल्यासारखंच ऐकू येई, म्हणून इथेही तसंच लिहिते आहे.

त्यांचे वडील त्यांच्या देशातले, स्वातंत्र्याच्या काळातले, मोठे विरोधी पुढारी. देशाचं नाव मी लिहीत नाही. माझ्या लिहिण्याने त्या देशाचं काही बिघडणार नाही, बाईंचं बिघडू शकतं.

पुण्यात मी काही वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आहे. त्यामुळे स्वातंत्र्यसेनानी म्हटलं की भाजीवाली ज्या नजरेने गवार निवडते, त्या नजरेने मी बघते. हा माणूस मला बरा वाटला. आधी शाळामास्तर, मग रेल्वे कामगारांचा पुढारी. इंग्रजांनी दोनदा तुरुंगात टाकलं. स्वातंत्र्य मिळालं, तुरुंगातलाच मित्र राष्ट्राध्यक्ष झाला, आणि हे समोरच्या बाकावर जाऊन बसले, कारण तिथे बसायला कोणी तयार नव्हतं. काही वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने ठरवलं की प्रत्येक मतदारसंघात एकच अर्ज यावा, म्हणजे उगाच खर्च नको आणि भांडणं नकोत. हे अर्ज घेऊन कचेरीत गेले. कचेरी त्या दिवशी लवकर बंद झाली होती. हे कागद मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले आणि पायरीवरूनच तिसऱ्यांदा तुरुंगात गेले. या वेळी इंग्रज नव्हते, त्यामुळे सुटकाही झाली नाही. तिथेच वारले. तुरुंगाच्या आवारातच त्यांना पुरलं आणि घरच्यांना नंतर पत्राने कळवलं. बाई तेव्हा जपानमध्ये शिकत होत्या. वकिलातीने पासपोर्टची मुदत वाढवून द्यायला नकार दिला. त्यांनी इथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं. तेही आता नाहीत.

संत म्हणून मी बाईंच्या वडिलांकडे बघत नाही, आणि बाईही बघत नसत. "दोन-दोन तास बोलायचे," त्या म्हणत. "आई मध्येच उठून शेळ्यांकडे जायची. आम्ही आठ भावंडं, त्यांना नावं पाठ नव्हती. कामगारांची होती." बाईंकडच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची जुनी पत्रकं होती, ती मी वाचली. एकात त्यांनी हिंदी दुकानदारांना बजावलं होतं, की इथले व्हा, नाहीतर गाशा गुंडाळा. वाचताना माझा थोडा जळफळाट झाला. मग आठवलं, मीही टोकियोत बारा वर्षं राहून गाशा अर्धा गुंडाळलेलाच ठेवला आहे.

बाईंना आयुष्याच्या शेवटी एकच गोष्ट हवी होती. वडिलांना तुरुंगाच्या आवारातून बाहेर काढून गावी आईशेजारी पुरायचं. आईने मरताना आपल्या शेजारची जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. त्यासाठी बाई वर्षानुवर्षं अर्ज करत होत्या. उत्तर कधीच आलं नव्हतं.

मग एके दिवशी उत्तराऐवजी माणूसच आला. वकिलातीतले एक सचिव, तरुण, उत्तम सूट, बोलणं लोण्यासारखं. देशात अजून तोच पक्ष सत्तेवर आहे, फक्त नातवंडांच्या हाती. त्या पक्षाने आता इतिहासाशी समेट करायचं ठरवलं होतं. बाईंच्या वडिलांना राष्ट्रपुरुष म्हणून पदक जाहीर झालं होतं. ते टोकियोत समारंभात बाईंनी स्वीकारायचं, वकिलातीने लिहून दिलेलं भाषण वाचायचं, आणि त्यानंतर गावच्या दफनाची फाइल हलेल. सचिवांनी हे इतक्या नम्रपणे सांगितलं, की ती अट आहे हे बाईंना ते गेल्यावर जाणवलं.

वकिलात लहान. समारंभ करायला माणसं कुठून आणणार? माणसं आमच्या मराठी मंडळाकडे होती. मंडळाचे अध्यक्ष आयात-निर्यातीतले. स्टेजवरची खुर्ची हा त्यांचा जीव की प्राण. त्यांनी वकिलातीला कळवून टाकलं की हॉल आमचा, श्रोते आमचे, बटाटेवडेही आमचेच. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"वहिनी, दुभाषी तुम्ही. तुमच्याशिवाय आहे कोण! बॅनर असा करतोय, 'आफ्रिकेचे'... आणि पुढे आपल्याकडच्या एका थोर पुढाऱ्याचं नाव."

"त्यांचा काही संबंध नाही हो."

"नसू दे. लोकांना चटकन कळतं. खाली 'भारतमित्र' टाकतोय."

"त्यांनी हिंदी दुकानदारांना देश सोडायला सांगितलं होतं."

"ते आता कशाला काढायचं? माणूस गेला की भारतमित्रच असतो."

समारंभाच्या आठवडाभर आधी बाईंनी मला वकिलातीचं भाषण दाखवलं. तीन पानं. त्यात तुरुंग हा शब्द नव्हता. वडील 'दीर्घ आजाराने' गेले होते. ते आणि पहिले राष्ट्राध्यक्ष 'एका नदीच्या दोन काठांवरचे दोन भाऊ' होते.

"तुम्ही हे वाचणार?"

"वाचणार."

"अहो, पण..."

"पण काय? मी हे फाडून फेकावं आणि तू पहिल्या रांगेत बसून बघावंस? विरोधी पक्ष बघायची एवढी हौस असेल तर तुमच्या मंडळात सुरू कर की."

मंडळात काय चालतं ते मला माहीत होतं. आमच्या मंडळात निवडणूक होत नाही, निवड होते. चुकून एका पदाला दोन अर्ज आलेच, तर दोन ज्येष्ठ सभासद त्यातल्या एकाला स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटमध्ये कॉफीला नेतात. "आपण बाहेरच्या देशात आहोत, एकजूट दिसली पाहिजे," असं सांगतात. तो मंडळाच्या हितासाठी अर्ज मागे घेतो, आणि मग ग्रुपवर 'सर्व कार्यकारिणी बिनविरोध' असा मजकूर फुलांच्या चित्रांसकट येतो. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला आपण हे अभिमानाने सांगतो. मतदान झालं असं सांगायची मात्र लाज वाटते, जणू घरात पोलीस आले होते. चार वर्षांपूर्वी अध्यक्षपदाचा दुसरा अर्ज माझा होता. कॉफी बरी होती. मला सांस्कृतिक विभाग मिळाला.

समारंभ वॉर्डच्या हॉलमध्ये झाला. हॉलवाल्यांनी मिनिटामिनिटाचा तक्ता मागून घेतला होता. दीपप्रज्वलन दोन मिनिटं, पण आग चालणार नाही, म्हणून समई बॅटरीची. तसबिरीला चंदनाचा हार. मग शाल आणि श्रीफळ. बाईंनी नारळ हातात घेतला, एकदा कानाशी नेऊन हलवून बघितला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या शेजारी सचिव. समोर आमचे दीडशे सभासद आणि उजवीकडच्या दोन रांगांमध्ये बाईंच्या देशातले पंधरा-वीस जण, विद्यार्थी, नोकरदार, दोन-तीन बायका.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. लिहून आणलेलं पहिल्या मिनिटात संपलं आणि मग ते मनाने बोलू लागले, ही त्यांची नेहमीचीच रीत. मी शेजारी माइक घेऊन वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत होते.

"आज ज्यांचा आपण गौरव करतोय," अध्यक्ष म्हणाले, "त्यांचा आणि आमच्या मंडळाचा आदर्श एकच. एकजूट! मला सांगायला अभिमान वाटतो, की मंडळ स्थापन झाल्यापासून आजपर्यंत आमच्याकडे एकदाही मतदानाची वेळ आली नाही. प्रत्येक निवड बिनविरोध!"

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांच्या मनात काही वाईट नव्हतं. एकच अर्ज यावा या हट्टापायी ज्याचा जीव गेला, त्याच्या मुलीसमोर आपण काय बोललो, हे त्यांना आजही कळलेलं नाही. आपल्यात बिनविरोध हे मंगलाष्टकातल्या शब्दासारखं आहे. ते कोणाला लागेल असं मनातच येत नाही.

दुभाष्याच्या हातात एक सत्ता असते, गाळण्याची. तोयोसुच्या ऑफिसात माझी नोकरीच दुभाष्याची, तिथे मी रोज साहेबांची निम्मी वाक्यं गाळते, म्हणून तर दोन्ही कंपन्यांचे संबंध टिकून आहेत. इथेही गाळता आलं असतं. 'आमचं मंडळ एकजुटीचं आहे' एवढं म्हटलं असतं तर कोणाचंच काही गेलं नसतं. मी गाळलं नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आणि वर आणखी एक वाक्य जोडलं: "म्हणजे दुसऱ्या कोणाचा अर्ज येणार नाही, याची आमच्याकडे आधीच काळजी घेतली जाते."

उजवीकडच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा. मग दोन्ही रांगा. आमच्या लोकांना वाटलं काही विनोद झाला असावा, तेही हसले. अध्यक्षांनी खुशीत मान झुकवली. सचिव हसत नव्हते. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि वही परत खिशात ठेवली.

मला फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांच्या वाचनाचा असा रोख उपयोग क्वचितच होतो. मग माझी नजर बाईंकडे गेली. त्या अध्यक्षांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

त्या उठल्या आणि वकिलातीची तीन पानं त्यांनी वाचली. इतकी चांगली वाचली, की मजकुराची ती लायकी नव्हती. दोन भावांचं वाक्य आलं तेव्हा त्या थांबल्या, सचिवांकडे वळल्या आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. पदक घेताना सचिवांचा हात दोन्ही हातांत धरला. असं लवलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ती माझ्या विनोदानंतरची सारवासारव होती, हे कळायला इतिहास शिकवलेला असायची गरज नव्हती.

वड्यांची खोकी मांडलेल्या बोळात त्यांनी मला गाठलं.

"मजा आली?"

"मी फक्त भाषांतर केलं."

"खोटं बोलू नकोस. मला तुमची भाषा येत नाही, पण तो किती वेळ बोलला आणि तू किती वेळ बोललीस ते कळतं. शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं."

मी वड्यांच्या एका खोक्याचं झाकण नीट बसवलं.

"त्या वहीत तुझं नाव नसेल," त्या म्हणाल्या. "माझं असेल. उद्या तू ऑफिसला जाशील. माझा बाप मात्र तिथेच आहे."

एवढ्यात अध्यक्ष खोकं घेऊन आले. "मादाम, प्लीज, व्हेरी स्पायसी!" बाईंनी एक वडा घेतला, त्यांचे आभार मानले आणि निघून गेल्या.

तीन महिन्यांनी पत्र आलं. अस्थी तुरुंगाच्या आवारातून काढणार होते. पण गावी नाही. राजधानीतल्या राष्ट्रीय दफनभूमीत, पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी, तोफांची सलामी देऊन. सचिवांनी फोनवर सांगितलं की याहून मोठा सन्मान देशात नाही आणि गावच्या दफनाचा प्रश्नच आता उरत नाही. तिकडे भावाने संमतीपत्रावर सहीही केली होती.

पत्र मला दाखवून बाई म्हणाल्या, "तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तुझ्यामुळे झालं नाही असंही म्हणत नाही." त्यानंतर लिफ्टमध्ये मी दिसले की त्या जिन्याने जात. गुडघे दुखत असूनही.

बाई मायदेशी गेल्या, दफनाचा समारंभ झाला. मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांनी कुठूनसा फोटो मिळवून टाकला: झेंड्यात गुंडाळलेली पेटी, मागे सैनिक, काळ्या चष्म्यातले आजचे राष्ट्राध्यक्ष. खाली लिहिलं होतं, 'आपल्या कार्यक्रमाची फलश्रुती!' दीडशे जणांनी हात जोडले. मीही जोडले. न जोडते तर दिसलं असतं.

परत आल्यावर बाई पंधरा दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी सकाळी बागेतल्या बाकावर मी बसले असताना येऊन शेजारी बसल्या. माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. बोलायला दुसरं कोणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

समारंभाच्या आधी घरच्यांना पेटीजवळ दहा मिनिटं दिली होती. बाई म्हणाल्या, पेटी उघडा. अधिकारी म्हणाले, तशी पद्धत नाही. बाई फरशीवर बसल्या. बाहेर बँडवाले उभे होते, ऊन चढत होतं, शेवटी उघडली. इंग्रजांच्या तुरुंगात एका शिपायाने वडिलांची डावी नडगी मोडली होती आणि तिथल्या कंपाउंडरने ती वाकडी बसवली होती. मुलं लहानपणी त्यांच्या लंगडण्याची नक्कल करायची आणि मार खायची.

"पेटीतल्या दोन्ही नडग्या सरळ होत्या," बाई म्हणाल्या. "छडीसारख्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणाले, हेच आहेत."

"का?"

"माझा भाऊ शेजारी रडत होता. वडिलांना शेवटचं धरून नेलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला पाय काय आठवणार?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आणि नाही म्हणाले असते, तर त्यांनी दुसरी पेटी आणली असती. मग तिसरी. शेवटी एकात वाकडी नडगी सापडली असती. हाड वाकडं करायला काय लागतं?"

माझ्या डोक्यात चित्र उभं राहिलं होतं: कोणा अनोळखी कैद्याला तोफांची सलामी, आणि समोर मान झुकवून राष्ट्राध्यक्ष. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार.

"हसू नकोस," बाई म्हणाल्या.

"हसत नाही हो."

"हसायला लागली होतीस. चोर असेल, खुनी असेल. त्याला न्यायला आजवर कोणी आलं नव्हतं. मी त्याच्या मागून चालले. तेवढं चालायला काय हरकत होती?"

मी विचारलं, लिहू का हे? त्या म्हणाल्या, लिही, नावं नकोत, आणि शहाणपणा नको. पहिलं मी पाळलं आहे.

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तुरुंगाच्या आवारात जायच्या परवानगीचा छापील अर्ज. अडचण अशी होती, की त्यांचे वडील आता सरकारी कागदावर तुरुंगातून बाहेर आले होते. तोफांसकट. बाईंनी स्वतःच 'हेच आहेत' म्हटलं होतं. मग त्या आवारात आता कोणाचं काय काम? अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात काय लिहावं, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. शब्दांचं काम माझं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात कौतुक नव्हतं.

मी आठ दिवस घेतले. 'संशोधन' लिहून बघितलं, 'प्रार्थना' लिहून बघितलं. 'स्मृतिस्थळास भेट' लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शेवटी कोरा रकाना घेऊन त्यांच्या दारात गेले आणि जमत नाही म्हणाले. चार वर्षांपूर्वी कॉफीच्या टेबलावरसुद्धा मला इतकं कानकोंडं वाटलं नव्हतं.

बाईंनी कागद दारातच भिंतीवर धरला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'कैद्याची भेट.' खाली कैद्याच्या नावाची जागा होती. तिथे त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

"हे वाचलं की त्यांना कळेल," मी म्हटलं. "पेटीचं."

"कळू दे."

"मग तुम्हाला परत कधी जाऊ देणार नाहीत तिकडे."

त्यांनी पाकीट चिकटवलं. मी म्हटलं, ऑफिसला जाताना वाटेत पोस्ट आहे, टाकते. त्यांनी माझ्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं, कोट अंगात घातला, आणि पाकीट घेऊन एकेक पायरी उतरत स्वतःच पोस्टात गेल्या.